खालची ओळ

१० नोव्हेंबर, सोमवार

मंजूर! पुण्याहून फोन आला — सूचना मंजूर, एक शब्दही बदलायचा नाही!! विश्वेश्वर सरांनी भजी मागवली. सर भजी मागवतात म्हणजे काय, हे आमच्या ऑफिसात काम केल्याशिवाय कळायचं नाही.

कौतुक करायला दुसरं कुणी नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. 'सोबती' नावाचं आमचं ॲप. मालक पुण्याचे, मराठीची बाजू आम्ही बीडमध्ये सांभाळतो. लोक फोनवर बोलून विचारतात — वारसनोंद कशी करायची, विमा का नाकारला, मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू का — आणि यंत्र उत्तर देतं. माणूस नाही, एआय. बोलतं फार गोड. पण मधूनच ठोकून देतं, तेही तितक्याच गोड आवाजात! म्हणून प्रत्येक उत्तराखाली एक सूचना लागते, की हा काही वकिलाचा सल्ला नव्हे. ती लिहिणं हे माझं काम. एल.एल.बी. झाले, सनद घेतली, आणि आता साड्यांच्या दुकानाच्या माडीवर बसून सूचना लिहिते. (खाली सरांच्या वडिलांचं, मन्मथप्पांचं दुकान. वर आम्ही.) आण्णांना हे अजून पचलेलं नाही. "वकील केली अन् मोबाईलवर बसली," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. माझे वडील!

तर ही माझी सूचना:

"सदर माहिती केवळ सर्वसाधारण मार्गदर्शनार्थ असून ती विधी अथवा वित्तीय सल्ला म्हणून ग्राह्य धरण्यात येऊ नये. तदनुषंगाने उद्भवणाऱ्या कोणत्याही हानीस संस्था जबाबदार राहणार नाही. संबंधित तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात यावा."

तदनुषंगाने! किती वजन आहे त्या शब्दाला.

आईला वाचून दाखवली. म्हणाली, "लई भारी. पर काय म्हणलंय त्यात?"

जाऊ दे. मंजूर झाली!

१२ नोव्हेंबर

आजपासून सगळ्या उत्तरांखाली माझी सूचना. दिवसभर उगाच काहीबाही प्रश्न विचारत बसले, नुसती ती बघायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

हसावं की रडावं तेच कळत नाही. आधी सगळं नीट लिहिते.

जेवताना आण्णा म्हणाले, "वनीच्या सहीचं जमलं एकदाचं." वनी म्हणजे वनमाला आत्या, आण्णांची एकच बहीण, कडा गावात दिलेली. बीडजवळच्या पाली गावातली जमीन आजोबांची. आजोबा अठ्ठ्याण्णव साली गेले, आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली — आण्णांचं (माणिकराव) आणि आत्याचं. आण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. जन्म कागदांत गेला. त्यांना ती दोन नावं बघवत नाहीत. हाव नाही हो त्यांना, मी ओळखते. पण कागद 'स्वच्छ' पाहिजे. आत्यानं हक्कसोडपत्रावर सही करायची, आण्णांनी साडीचोळी करायची, सगळ्यांनी पुरणपोळी खायची. आमच्याकडे घरोघरी असंच चालतं, आणि ज्या बहिणीनं सही केली ती चांगली बहीण.

एवढी वर्षं आण्णा विचारायला कचरत होते. आज कावून धाडस आलं? कारण आण्णांनी एक कागद टेबलावर ठेवला. लॅमिनेट केलेला. आणि बघते तर काय — 'सोबती'चं उत्तर!

आण्णांनी ॲपला विचारलेलं: वडील १९९८ ला वारले, बहिणीचं लग्न आधीच झालेलं, जमिनीत तिला हक्क आहे का? यंत्रानं ठोकून दिलं — वडील २००५ च्या आधी वारले असल्यास मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही. साफ चूक! तो अर्थ सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षांपूर्वीच मोडीत काढलाय. बाप कधी का वारलेला असेना, लेकीचा वाटा आहे. यंत्र जुनंच घोकत बसलंय.

मी म्हटलं, "आण्णा, हे चुकलंय."

"चुकंल कसं? खालची ओळ वाच."

खालची ओळ म्हणजे माझी सूचना. झेरॉक्सवाल्यानं ती ठळक करून दिलेली — "महत्त्वाची दिसली म्हणून." आण्णांनी चष्मा पुसला. 'सदर' शब्द दिसला की ते चष्मा पुसतात. आणि मोठ्यानं वाचलं: "सदर माहिती... ग्राह्य... तदनुषंगाने... संबंधित... बघ. असलं मराठी कोन लिहितं? कचेरी लिहिती. ह्यो कागद पक्का हाय."

"आण्णा, त्यात लिहिलंय की हा सल्ला समजू नका!"

"ते तर समद्याच सरकारी कागदावर असतंय."

"ती ओळ मी लिहिली आहे!"

आण्णा इतके हसले की ठसका लागला. "तू? तुझा शाळेतला रजेचा अर्ज बी मीच लिहायचो."

आई म्हणाली, "न्हाई वो, हिनं वाचून दाखवलतं मला, असंच कायतरी."

"कायतरी म्हंजे हे न्हाई, मालन."

आणि कडी म्हणजे — "तज्ज्ञाला विचारा म्हणलंय, तर तज्ज्ञाला बी विचारलं. भागवतला." भागवत म्हणजे नोंदणी कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहिणारा. आत्याचं हक्कसोडपत्र लिहायला घेतलेला! तो काय म्हणणार? म्हणाला, "एकदम बरोबर हाय, साहेब."

सही सोमवारी, १ डिसेंबरला. साडीसुद्धा आणून ठेवलीय. मन्मथप्पांच्याच दुकानातून.

मी ज्या सूचनेसाठी भजी खाल्ली, तिनं आत्याच्या वाट्यावर शिक्का मारलाय. हे मी होऊ देणार नाही. नाहीच.

रात्रीची भांडी घासताना आई एकदम म्हणाली, "मी बी केलती सही. हिरवी साडी दिलती. एका पावसात रंग गेला तिचा." मग पुन्हा भांडी घासायला लागली.

१७ नोव्हेंबर

सकाळीच सरांसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं (घरचं आहे हेही सांगितलं, लपवायचं काय त्यात). पुण्याला फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, उत्तर सुधारायला वेळ लागेल, यंत्राला पुन्हा शिकवावं लागतं. पण सूचना? "सूचना तुम्ही बदला, लगेच लावू."

सर ओरडले, "आठवडा झालाय मंजूर होऊन! भजी खाल्ली ना सगळ्यांनी?"

भजी परत करता आली असती तर केली असती.

१८ नोव्हेंबर

आत्याला फोन केला. कायदा सांगितला. म्हटलं, आत्या, तुझा वाटा आहे, यंत्र खोटं बोललं.

आत्या म्हणाली, "अगं, दादानं कागद वाचून दाखवला फोनवर. केवढं अवघड मराठी! तू लेकरू हायस माझं, तू माझ्याकडूनच बोलणार."

आण्णा म्हणतात मी आत्याची लाडकी म्हणून बोलते. आत्याही तेच म्हणते! माझी सनद काय लोणच्याला घालायची?

मग म्हणाली, "मला जमीन नको गं. दादानं मागितली असती तर हसत दिली असती. पर आता म्हणतोय, तुझं काही नव्हतंच. मग मी देऊ काय? नको म्हणायला तरी आधी माझं असावं लागतंय ना?"

आत्या रडत नव्हती. तेच जास्त लागलं मला.

२० नोव्हेंबर

नवा मसुदा: "ही माहिती चुकीची असू शकते." संपलं. सोपं, स्वच्छ.

सर म्हणाले, "आप्पा दुकानाच्या दारात 'साडी फाटकी असू शकते' अशी पाटी लावतात का? गिऱ्हाईक पळेल."

गिऱ्हाईक पळालं असतं तरी मला चाललं असतं. पण पळतसुद्धा नाही! वर्षाराणीनं — ती आमच्या ऑफिसातली, ॲपला आवाज तिचाच, शाळेतल्या बाईंसारखं खणखणीत बोलते — दिवसभर येईल त्याला ऐकवून पाहिलं. एकानंही लक्ष दिलं नाही. चहावाला म्हणाला, "असं तर समदेच म्हणत्येत." बरोबरच आहे. सगळ्यालाच लागू, म्हणजे कशालाच नाही.

मसुदा फाडला. अकरा दिवसांत सही व्हायची आणि मी कागद फाडतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वर्षाराणीच्या स्कूटीवर पालीला गेलो. विहाराच्या अंगणात बचत गटाच्या बाया जमल्या होत्या. जयभीम झाला, चहा झाला. मग यंत्राचं एक उत्तर ऐकवलं, खाली माझी जुनी सूचना, आणि मी एकच प्रश्न विचारला: "हे कुणी सांगितलं?"

"कोर्टानं."

"तहसीलदारानं."

"वरून आलंय," एक म्हातारी म्हणाली आणि पदर सावरला. माझ्या सूचनेला पदर सावरला!

मग विचारलं, तज्ज्ञ म्हणजे कोण? सगळ्या एकदम: "कचेरीपाशी टेबल टाकून बसतोय त्यो."

म्हणजे मी गावोगावच्या बायांना हात धरून भागवतच्या टेबलापाशी नेऊन सोडत होते! तिथेच पायरीवर बसले. वर्षाराणीला वाटलं मला ऊन लागलं. ऊन कसलं — मला सापडलं होतं! लोकांना आधी एवढंच पाहिजे: हे म्हणतंय कोण. आमच्याकडे सोयरीक असो, बैल असो, पहिला प्रश्न तोच, "कोन म्हणलं?" आणि माझ्या सूचनेत सगळं होतं, तेवढं सोडून.

येताना बिंदुसरा नदीचं पाणी बघत थांबलो. वर्षाराणी म्हणाली, "हसतीस कावून एकटीच?"

२३ नोव्हेंबर

तदनुषंगाने गेलं. सदर गेलं. ग्राह्य गेलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जिंकले! सरांशी भांडून जिंकले, आणि तेही त्यांच्याच वडिलांच्या जिवावर.

माडी चढत होते. खाली मन्मथप्पा एका बाईला सांगत होते, "ताई, ही नका घेऊ. रंग सोडती. पांढऱ्या धुण्यात पडली की मला शिव्या देताल." बाईनं ती साडी बाजूला ठेवली — आणि दुसऱ्या दोन घेतल्या. मी तशीच वर गेले, सरांना हाताला धरून खाली आणलं. (सर आहेत, पण वयानं माझ्याएवढेच.) म्हटलं, "आप्पा दारावर पाटी लावत नाहीत, खरंय. पण आप्पा काय करतात बघा. एकाच साडीबद्दल बोलतात. तीही गिऱ्हाईकाच्या हातात असताना. आणि काय होईल तेही सांगतात. पळालं का गिऱ्हाईक?"

मन्मथप्पा म्हणाले, "काय झालं रे विश्वा? पोरगी बरोबर बोलती का चूक?"

"बरोबर," सर म्हणाले. पडेल आवाजात, पण म्हणाले!

तर आता असं: सगळ्यांना एकच सूचना नाही. जमीन विचारली तर जमिनीची, जामीन विचारला तर जामिनाची. उत्तराखाली नाही, उत्तराच्या आधी. वाचायची नाही, ऐकायची. आणि सहीच्या गोष्टीत सहीच्या तोंडावर.

जमीन-वाटणीची ही घे:

"थांबा. हे उत्तर माणसाचं नाही, यंत्राचं आहे. हा कोर्टाचा किंवा कचेरीचा कागद नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच यंत्राला ठाऊक; दुसऱ्या बाजूचं ठाऊक नाही. लेकीबाळींच्या वाट्याचे नियम बदललेत, यंत्र जुना नियम सांगत असेल. हक्क एकदा सोडला की परत मिळणं फार अवघड. म्हणून ज्याचा यात फायदा आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर सही करू नका, आणि दस्त लिहिणाऱ्याला सल्ला विचारू नका. घरात कायदा शिकलेलं माणूस असेल तर आधी त्याला विचारा. नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे बायकांना मोफत सल्ला मिळतो."

'घरात कायदा शिकलेलं माणूस' — ही ओळ का घातली ते मी सांगणार नाही. वहीलाही नाही.

२६ नोव्हेंबर

आज संविधान दिन. पालीच्या विहारात सगळे जमणार होतेच, म्हणून आजच गेलो. उद्देशिका वाचून झाली, मग मी फोन काढला. वर्षाराणीच्या आवाजात: "थांबा." अंगणातली कुजबुज थांबली. खरंच थांबली! ऐकवलं. विचारलं, कुणी सांगितलं हे?

"मशीननं!"

"ऐकायचं का मग?"

"ऐकायचं. पर सही न्हाई करायची."

सगळ्या बाया एका सुरात! एकटे सटवा आजोबा तेवढे म्हणाले, "मशीन तरी सरकारचीच की." त्यांना त्यांच्याच सुनेनं गप्प केलं: "कोर्टाची न्हाई, कचेरीची न्हाई मामा, ऐकलं न्हाई का?"

मागच्या शनिवारी जिनं पदर सावरला होता तीच म्हातारी माझ्याजवळ आली. "बाई, ते मोफतचं कुठं म्हणलीस? परत एकदा लाव." परत एकदा लाव!! सूचना परत लावायला सांगितलेली मी जन्मात ऐकली नाही. मी, वर्षाराणी आणि ती स्कूटी, तिघी गाणं म्हणत बीडला आलो.

२७ नोव्हेंबर

लागली. उत्तराआधी.

आता फक्त एका माणसानं प्रश्न विचारायला पाहिजे. तो माणूस आज दिवसभर सातबाऱ्याला कव्हर घालत बसलाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

विचारला!!

मी ओट्यापाशी कणीक मळत होते. आण्णा पडवीत खुर्चीवर. फोन तोंडाजवळ धरून, कचेरीत साहेबांशी बोलावं तसे: "हक्कसोडपत्राला काय काय कागद लागतात?"

"थांबा," वर्षाराणी म्हणाली.

आण्णा थांबले. पूर्ण ऐकलं. माझे हात कणकेत तसेच. मग यंत्रानं कागदांची यादी सांगितली, ती त्यांनी ऐकलीच नाही, मधेच बंद केली. आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुन्हा "थांबा."

"कोन हाय ही बाई?" त्यांनी आत हाक मारून विचारलं.

"यंत्राचा आवाज आहे, आण्णा."

"लई तोंडाळ हाय."

मग लॅमिनेट केलेला कागद काढला, चष्मा लावला, तो वाचला. चष्मा पुसला नाही! कागद तसाच मांडीवर ठेवून अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत बसले. जीभ दाताखाली धरून ठेवली. मी एक शब्द बोलले असते तर त्यांचा हट्ट परत जागा झाला असता, मला माहीत आहे, तो हट्ट माझ्यातही आहे.

आईनं मात्र मला कोपरानं ढोसलं. डोळे चमकत होते तिचे.

३० नोव्हेंबर, रविवार

आत्या कड्याहून आली. बरोबर गुळाची ढेप. आण्णांनी तिची पिशवी स्वतः उचलून आत नेली. सहीचा विषय कुणी काढला नाही. जेवताना आण्णा तिला दोनदा म्हणाले, "घे की अजून."

काय करणार आहेत ते कळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी दोघं निघाले. आण्णांच्या हातात फायली, आत्याच्या अंगावर तीच नवी साडी. मी ऑफिसात काय काम केलं देव जाणे — देव नाही मानत मी, तरी. दुपारी आईचा फोन: "ये घरी." एवढंच बोलली आणि ठेवला!

धावत आले. पडवीत आत्या बसलेली. समोर तुरीच्या शेंगांचा ढीग. आणि हसत होती.

तिनं जे सांगितलं ते तिच्याच तऱ्हेनं लिहिते. नोंदणी कचेरीपाशी भागवत कागद तयार ठेवून उभा. "या मावशी, इथं अंगठा न्हाई तर सही." आत्यानं पेन घेतलं. आण्णा म्हणाले, "थांब." भागवत म्हणाला, "आता काय, साहेब?" आण्णा म्हणाले, "तू लिहिणारा हायेस. तुला इचारायचं न्हाई म्हणलंय." आणि आत्याला घेऊन सरळ जिल्हा न्यायालयात!

तिथे विधी सेवेच्या एक वकीलबाई. आण्णांनी तो लॅमिनेट कागद पुढे केला. बाईंनी वाचला आणि विचारलं, "काका, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग?" मी विचारलं.

आत्यानं आण्णांची नक्कल केली, मान खाली घालून: "मशीननं."

वकीलबाईंनी मी सांगितला तोच कायदा सांगितला. बहिणीचा वाटा भावाएवढाच. परत येताना आण्णा रिक्षात म्हणाले, "वने, अर्धी तुझी हाय. मी तुला न्हाई म्हणलो, चुकलं माझं." आत्या म्हणाली, "आता माग की मग. देते." तर आण्णा म्हणाले, "आता कावून देतीस? आधी बघून तर ये."

म्हणून दोघं तसेच पालीला गेले. आत्या नव्या साडीत बांधापासून बांधापर्यंत फिरली, आणि शेंगा तोडून आणल्या. "खा," मला म्हणाली. "माझ्या रानातल्या हायेत."

मीठ घालून उकडल्या. एवढ्या गोड शेंगा मी खाल्ल्या नाहीत कधी! आईनं शेंग सोलता सोलता आत्याला विचारलं, "साडी रंग सोडती का गं?" आत्या म्हणाली, "आप्पानं बघून दिलीय वहिनी, न्हाई सोडायची." आणि दोघी हसत सुटल्या. आण्णासुद्धा.

मला मात्र आण्णा काहीच बोलले नाहीत. बघितलंसुद्धा नाही. असू दे. आत्याचा वाटा आत्याचा राहिला, मला तेच पाहिजे होतं. मग हे काय खुपतंय? जाऊ दे.

३ डिसेंबर

पुण्याच्या बाई आल्या, खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालून दुकानातल्या आणल्या. बाईंनी सांगितलं: सूचना ऐकून लोक ॲप बंद करत नाहीत. उलट पुढचा प्रश्न विचारतात — "मग न्यायालयात कुठे जायचं?", "आधी वडिलांचं नाव सांगायचं राहिलं, आता सांगू का?" आधी असं कधीच होत नव्हतं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनीच सुचवलं होतं! बघू देत. आता सगळ्या प्रश्नांना आपापली सूचना. जामिनाची मी जागेवरच लिहून दिली: "थांबा. त्यानं हप्ता थकवला तर बँक तुमच्या दारात येईल. यंत्राला तो माणूस माहीत नाही, तुम्हाला आहे. त्याच्या घरी जाऊन या, मग सही करा." बाई म्हणाल्या, "ही मलाच आधी मिळाली असती तर!"

आणि उत्तरही सुधारलं. लेकीच्या वाट्याचं बरोबर सांगतंय आता यंत्र.

भजी आली. या वेळी मी लाज न वाटता खाल्ली. दोन प्लेट.

७ डिसेंबर, रविवार

आण्णा माझ्या खोलीत आले. दार वाजवून! खुर्ची ओढून समोर बसले, अशील बसतो तसे.

"ही बाई म्हणती, घरात कायदा शिकलेलं मानूस असंल तर आधी त्याला इचारा. म्हणून आलो." घसा खाकरला. "पालीतला माझा जो अर्धा हाय, त्याला लेक म्हणून तुझ्या भावाचं, सौरभचं नाव लागंल, तसंच तुझं बी लावायचं. मी हाय तवाच. कसं करायचं, सांग."

सगळा कायदा पाठ आहे मला. पण तोंडातून आधी निघालं ते हे: "आण्णा, यात माझा फायदा आहे. माझ्या एकटीच्या शब्दावर सही करू नका."

आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं हळूहळू पुसला.

"म्हंजे ती ओळ खरंच तूच लिहिलेली हाय," म्हणाले.